पट्टा लागत नसेल, तर ते लाइफ जॅकेट नाही

सुट्ट्या लागल्या की आपल्या विहारांतून आणि महिला मंडळांतून लेणी दर्शनाच्या सहली निघतात. त्यातल्या काही पाण्यावरून जातात. घारापुरीला गेटवेवरून लॉन्चने जावे लागते. तिथे पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. आंध्रातले नागार्जुनकोंडा नागार्जुनसागर धरणामुळे बेट झाले आहे, तिथेही लॉन्चने जावे लागते. आणि पावसाळ्यात तर पाणीच आपल्या दारात येते. नदीकाठच्या, नाल्याकाठच्या वस्त्यांना बोटीत बसावे लागते ते जीव वाचवण्यासाठी. म्हणून आरोग्याच्या या पानावर लाइफ जॅकेटबद्दल लिहिणे गरजेचे वाटते. त्यातही ज्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही त्यांच्याबद्दल, म्हणजे अंगाने भरलेल्या आणि उंच माणसांबद्दल.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. मे 2024 मध्ये उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट बुडाली, 6 जण गेले. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या लॉन्चला नौदलाची स्पीडबोट धडकली, 15 जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी अनेक प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हते. त्यानंतर गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली, हे चांगलेच झाले. पण सक्ती जॅकेट देण्याची आहे की ते अंगाला नीट बसण्याची, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आपल्या घरांत हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ज्या समाजाला पाण्याला हात लावण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या मागे महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजाची मुले गावच्या विहिरीत पोहायला कुठे शिकणार होती? आजही वस्तीतल्या मुलामुलींना तरणतलाव परवडत नाही. पोहता न येणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना पाण्यात आधार फक्त जॅकेटचा असतो, आणि तेच बसत नसेल तर काहीच उरत नाही.

बोटीवर काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सगळी जॅकेट एकाच मापाची, ‘फ्री साइज’. एखाद्या मावशींना ते छातीवर येतच नाही. मग त्या ते खांद्यावर नुसते अडकवतात, नाहीतर मांडीवर घेऊन बसतात. मागून कोणीतरी हसतो. मावशी गप्प बसतात, कारण मोठे माप मागायची लाज वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की ही लाज चुकीच्या माणसाला वाटते आहे. शंभर माणसे बसवून एकच माप ठेवणाऱ्याला ती वाटायला हवी.

समुद्रातून देशोदेशी जाणाऱ्या जहाजांच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय नियमांत हे स्पष्ट लिहिले आहे. मोठ्यांचे जॅकेट 140 किलो वजनाच्या आणि 175 सेंटिमीटर छातीच्या माणसाला बसणारे नसेल, तर अशा माणसालाही ते घट्ट बांधता येईल असे जोडसाहित्य जहाजावर पुरेसे ठेवावेच लागते. आपल्या लॉन्चना आणि होड्यांना हा नियम थेट लागू होत नाही. पण यावरून एक गोष्ट कळते. मोठ्या अंगाच्या माणसाची सोय करणे अवघड नाही आणि ती मागण्यात काही वावगे नाही.

आता माप कसे घ्यायचे ते पाहू. लहान मुलांचे जॅकेट वजनावरून ठरते, पण मोठ्या माणसाचे मुख्यतः छातीच्या घेरावरून. घरात ब्लाऊज शिवायचा टेप असतोच. काखेखालून, छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, नेहमीच्या कपड्यांवर माप घ्या आणि लक्षात ठेवा. ‘फ्री साइज’ जॅकेट बहुधा 30 ते 52 इंच छातीला चालते. त्यापुढे मोठे माप किंवा जादा पट्टा लागतो. जॅकेटच्या आतल्या लेबलवर माप आणि वजन छापलेले असते. ते वाचा. लेबलच नसेल तर त्या जॅकेटवर विश्वास ठेवू नका.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. माणूस जाड असेल तर जॅकेटही जास्त ताकदीचे लागते, असे लोक म्हणतात. खरे तर चरबी पाण्यावर तरंगते. पाण्यात बहुतेक प्रौढांना डोके वर ठेवायला साधारण 3 ते 5.5 किलोचाच जादा उचल लागतो. उलट सडपातळ, पिळदार अंगाचा माणूस लवकर खाली जातो. म्हणजे भरलेल्या अंगाच्या माणसाची अडचण जॅकेटच्या ताकदीची नसून घेराची असते. बक्कल लागले पाहिजे, आणि लागल्यावर श्वास मोकळा घेता आला पाहिजे.

उंच माणसाची अडचण वेगळी असते. छाती बसते, पण जॅकेट धडाला आखूड पडते. पाण्यात पडल्यावर ते वर सरकते आणि नाकातोंडापर्यंत येते. अशा माणसाने दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलेले जॅकेट मागावे. तो पट्टा जॅकेटला वर जाऊ देत नाही. मात्र तो पुरेसा लांब आहे की नाही, हे उभे राहून आणि बसून दोन्ही वेळा पाहावे.

परीक्षा सोपी आहे. सगळी बक्कले लावा, पट्टे ओढून घ्या. दोन्ही हात सरळ वर करा. आता दुसऱ्या कोणीतरी खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढावे. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे. बक्कल लागतच नसेल तर ते लहान आहे. दोन्ही वेळा बदलून घ्यावे.

बायांनी पदर आणि ओढणी आधी कमरेला खोचून घ्यावी आणि जॅकेट सगळ्या कपड्यांच्या वरून घालावे. छाती भरलेली असेल तर बाजूंना वेगवेगळे पट्टे असलेले जॅकेट बरे पडते, कारण वरचा आणि खालचा पट्टा आपल्या मापाने कमीजास्त करता येतो. गरोदर बाईने पोटावर पट्टा आवळू नये. तो पोटाच्या वर यायला हवा.

जुने जॅकेटही तपासा. शिवण उसवलेली, कापड विरलेले, आतला फोम दाबल्यावर चेपून तसाच राहणारा, बक्कल तुटलेले असेल तर ते बाजूला ठेवायला सांगा. पट्टा पुरत नाही म्हणून सुतळी बांधणे हा उपाय नाही, ओल्या गाठीचा भरवसा नसतो. जॅकेट बुडाखाली घेऊन बसू नका, फोम चेपतो.

मोठे माप मिळालेच नाही तर? सहल असेल तर त्या फेरीला न बसणे हेच शहाणपण. सहलीच्या प्रमुखाने आदल्या दिवशीच बोटवाल्याला सांगून ठेवावे की आमच्यात इतक्या जणांना मोठे माप लागेल. पुरात मात्र थांबायला वेळ नसतो. तेव्हा मिळेल ते जॅकेट घाला, लागतील ती बक्कले लावा, जॅकेट दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून ठेवा आणि तरंगण्याची रिंग असेल तर तिच्याजवळ बसा.

पण हे एकेकट्याने करण्याचे काम नाही. पावसाळ्याआधी विहार समितीने नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला आणि जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी निवेदन द्यावे. आमच्या वस्तीसाठी किती जॅकेट आहेत, कोणत्या मापांची आहेत, मोठ्या मापांची आणि लहान मुलांची आहेत का, हे विचारावे. उत्तराची प्रत विहाराच्या फळ्यावर लावावी. आणि एखाद्या रविवारी वंदना झाल्यावर टेप घेऊन सगळ्यांची मापे लिहून घ्यावीत. कोणाच्या मापावर हसू नये, एवढी शिस्त आपण नक्की पाळू शकतो.

जय भीम. नमो बुद्धाय.