देवाचा कौल आणि जनतेचा कौल

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली. त्याआधी सहा महिने, १३ जुलै २०२४ रोजी, पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर येथील प्रचारसभेत त्यांच्यावर गोळीबार झाला होता आणि ते थोडक्यात बचावले होते. शपथविधीनंतरच्या भाषणात या प्रसंगाचा उल्लेख करून ते म्हणाले की, अमेरिकेला पुन्हा महान करण्यासाठीच परमेश्वराने आपला जीव वाचवला. सत्ता दिली मतदारांनी. तिचे अधिष्ठान मात्र ईश्वरेच्छेत शोधले गेले.

दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये प्रार्थनासभा झाली. तेथे बिशप मॅरिअन एडगर बडी यांनी समोर बसलेल्या अध्यक्षांना विनंती केली की, जे आज भयभीत आहेत त्यांच्यावर दया करा. शेतातील पीक काढणारे, खानावळीत भांडी घासणारे, रुग्णालयात रात्रपाळी करणारे स्थलांतरित मजूर त्यांच्या डोळ्यांपुढे होते. या विनंतीस उत्तर मिळाले ते असे की, या बाई कडव्या डाव्या व ट्रम्पद्वेष्ट्या आहेत आणि त्यांनी जनतेची माफी मागावी. त्याच सुमारास चर्च, शाळा व रुग्णालये येथे जाऊन स्थलांतरितांना पकडण्यावर असलेली जुनी बंधने सरकारने उठवली.

एकाच धर्माचे, एकाच ग्रंथाचे नाव घेणारी ही दोन दर्शने चोवीस तासांच्या आत जगाला घडली. एका दर्शनात देव सत्ताधीशाच्या पाठीशी उभा केलेला होता, तर दुसऱ्यात देवाच्या नावाने सत्ताधीशाला जाब विचारला जात होता. श्रद्धा आणि राज्यसत्ता यांच्या संबंधाचा सारा प्रश्न या दोन प्रसंगांच्या दरम्यान सामावलेला आहे.

स्वतःला ‘इव्हँजेलिकल’ म्हणवणाऱ्या श्वेतवर्णीय प्रॉटेस्टंटांपैकी दर दहांमधील सुमारे आठ जणांनी २०१६ मध्ये ट्रम्प यांना मत दिले व २०२४ मध्येही हे प्रमाण जवळजवळ तसेच राहिले. हे लोक धार्मिक म्हणून धार्मिक वाटणाऱ्या नेत्यामागे गेले, असे म्हणून हा विषय संपत नाही. १९७६ साली निवडून आलेले जिमी कार्टर हे बाप्टिस्ट पंथाचे, रविवारच्या धर्मशाळेत शिकवणारे, खासगी जीवनात निष्कलंक गृहस्थ होते. तरीही १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभी केली आणि १९८० च्या निवडणुकीत तिची शक्ती कार्टर यांच्या विरोधात, घटस्फोटित चित्रपटनट रोनाल्ड रेगन यांच्या बाजूने उतरली. पुढाऱ्याची धर्मशीलता हा निकष असता तर असे घडते ना. वर्णविद्वेषाने चालवलेल्या खासगी शाळांच्या करसवलती काढून घेतल्या जात होत्या, गर्भपाताचा प्रश्न पेटत होता, स्त्रिया व कृष्णवर्णीय आपले हक्क मागत होते. आपले जुने स्थान हातचे जाते आहे या भीतीला धर्माची भाषा मिळाली होती.

या प्रवासातील नैतिक पडझड एका पाहणीने आकड्यांत टिपली आहे. खासगी जीवनात अनैतिक वागणारा लोकप्रतिनिधी सार्वजनिक कर्तव्य नीतीने पार पाडू शकेल काय, असा प्रश्न एका अमेरिकन संशोधन संस्थेने विचारला होता. २०११ मध्ये श्वेत इव्हँजेलिकलांपैकी फक्त ३० टक्के ‘होय’ म्हणाले. २०१६ मध्ये हेच प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांत बायबल बदलले नव्हते. बदलला होता तो उमेदवार. श्रद्धेच्या कसोटीवर नेत्याला पारखण्याऐवजी नेत्याच्या मापाने कसोटीच बेतून घेण्यात आली. त्यासाठी धर्मग्रंथातील दाखलाही सापडला. ज्यूंना बॅबिलोनच्या बंदिवासातून सोडवणारा इराणचा सम्राट सायरस हा त्यांच्या देवाचा उपासक नव्हता, तरी देवाने त्याला आपले साधन केले. ही कथा यशयाच्या ग्रंथातील ४५ व्या अध्यायात येते आणि ट्रम्प हे ४५ वे अध्यक्ष, हा योगायोगही काही प्रचारकांनी पुरावा म्हणून पुढे केला. असा युक्तिवाद एकदा मान्य केला की कोणत्याही राज्यकर्त्याचा कोणताही दोष आडवा येत नाही. उलट दोष जितके अधिक, तितकी दैवी योजना अगाध!

मात्र यावरून धर्म म्हणजे प्रतिगामित्व असा सरसकट निष्कर्ष काढणे हे इतिहासाशी प्रतारणा करणारे ठरेल. त्याच देशातील कृष्णवर्णीय चर्चमध्ये तेच बायबल वाचले जाते आणि त्या चर्चचे बहुसंख्य अनुयायी ट्रम्प यांच्या विरोधात मत देत आले आहेत. १९५५-५६ चा माँटगमेरीचा बस-बहिष्कार ३८१ दिवस टिकला तो चर्चमधील सभांच्या बळावर. मार्टिन ल्यूथर किंग हे धर्मोपदेशक १९६८ मध्ये मारले गेले, तेव्हा ते मेंफिस शहरात संप करणाऱ्या सफाई कामगारांच्या पाठीशी उभे राहण्यास गेले होते. जानेवारी २०२५ मध्ये चर्चवरील धाडींविरुद्ध न्यायालयात धाव घेणाऱ्यांत क्वेकर पंथाच्या सभा अग्रभागी होत्या. तेव्हा श्रद्धा कोणाच्या बाजूने उभी राहते हे ग्रंथातील वचनांवरून ठरत नाही. ती वचने वाचणारा समाज कोणत्या स्थितीत जगतो आणि कोण त्याला संघटित करतो, यावर ते ठरते.

आणि येथेच समाजवाद्यांनी स्वतःस काही प्रश्न विचारावयास हवेत. २००० साली अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ७० लाख लोक काम करीत. २०१० पर्यंत ही संख्या सुमारे १ कोटी १५ लाखांवर आली. १९८३ मध्ये २० टक्के कामगार संघटनांचे सभासद होते. २०२४ मध्ये ते १० टक्क्यांहूनही कमी राहिले. ज्या गावातील गिरणी बंद पडली, संघटनेच्या कार्यालयास कुलूप लागले, तेथे रविवारी सकाळी उघडणारे दार चर्चचेच उरले. आजारपणात विचारपूस करणारा, मर्तिकास येणारा, बेकारीत शिधा पोहोचवणारा शेजारधर्म तेथेच मिळाला. त्याच दाराने मग नेत्याचा प्रचारही आत आला. अशा माणसाला अंधश्रद्ध म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु हिणवल्याने तो आपला होत नाही, तो अधिकच दूर जातो.

त्याच्या श्रद्धेचे मोल त्याला काय मिळाले? ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी ज्या अर्थविषयक कायद्यावर सही केली, त्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे १ कोटी लोक आरोग्यविम्याला मुकतील, असा अंदाज अमेरिकन संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने दिला. गरिबांच्या मेडिकेड योजनेला व अन्नसाहाय्याला त्याच कायद्याने कात्री लागली आणि करसवलतींचा मोठा वाटा धनिकांच्या पदरी पडला. धर्मगुरूंना मात्र फेब्रुवारी २०२५ मध्येच व्हाइट हाउसमध्ये स्वतंत्र कार्यालय मिळाले होते. देवघेवीचा हा हिशेब लपून राहिलेला नाही: आशीर्वाद देणाऱ्यांना मान मिळाला, मते देणाऱ्यांना बिले!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी आपल्या संविधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असा इशारा दिला होता की, धर्मातील भक्ती आत्म्याला तारीलही, परंतु राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते. त्या वेळी त्यांच्यापुढे भारतीय माणसाचा स्वभाव होता. पाऊणशे वर्षांनंतर जगातील सर्वांत श्रीमंत देशातही तो इशारा लागू पडावा, यातून एवढेच सिद्ध होते की हा दोष कोणा एका धर्माचा वा देशाचा नव्हे.

गावदेवीला कौल लावणारा भाविक तिने दिलेल्या कौलाचा हिशेब मागत नाही, आणि मागूही नये. ती त्याची श्रद्धा आहे. जनतेचा कौल मात्र मुदतीचा असतो, अटींवर दिलेला असतो आणि परत घेता येतो. निवडून आलेला माणूस देवाने धाडलेला ठरला की त्याला विरोध करणे पाप ठरते, आणि विरोध पाप ठरला की निवडणूक हा केवळ पूजाविधी उरतो. म्हणून कार्यकर्त्यांनी श्रद्धावंताच्या दारी जावे ते त्याचा देव हिरावून घेण्यासाठी नव्हे. त्याच्या मजुरीचा, औषधाचा, मुलांच्या शाळेचा प्रश्न त्याच्याबरोबर उभे राहून लढवावा आणि त्या लढ्यात त्याच्याच श्रद्धेतील न्यायाची हाक त्याला ऐकू येऊ द्यावी. कॅथीड्रलच्या व्यासपीठावरून सत्तेला दया मागणारा तो एकटा आवाज आपल्या ओळखीचा वाटला पाहिजे. तो उद्या एकटा राहू नये, हे काम संघटनेचे आहे.