फिल्टर कॉलिन्सचा, रुंदी मात्र तुमची

चाळीस मीटरवर रविवारी सकाळी रिसीव्हर लावला, की थोड्याच वेळात कुणीतरी आपल्या फिल्टरचं कूळ सांगायला लागतो. ‘ओरिजिनल कॉलिन्स मेकॅनिकल, ओएम, २.१ किलोहर्ट्झ!’ त्याच वेळी येलहंक्यातल्या माझ्या टेबलावरच्या पडद्यावर या गृहस्थांचा सिग्नल चांगला नऊ किलोहर्ट्झ ऐसपैस पसरलेला असतो. पलीकडून उत्तर जातं, ‘फाईव्ह-नाइन, सुंदर ऑडिओ.’ कसला सुंदर? शेजारच्या दोन गप्पांचा गळा दाबला गेलाय आणि हे एकमेकांना अत्तर लावतायत.

त्या फिल्टरशी माझं भांडण नाही. कॉलिन्सनं १९५०च्या दशकात हॅम लोकांच्या हाती दिलेली ती नळी म्हणजे कारागिरीचा नमुना आहे. ४५५ किलोहर्ट्झचा सिग्नल धातूच्या कंपनात बदलायचा, चकत्यांच्या रांगेतून नेमका तेवढाच पुढे जाऊ द्यायचा आणि दुसऱ्या टोकाला त्याची पुन्हा वीज करायची. कॉलिन्सच्याच १९५९च्या केडब्ल्यूएम-२ सेटमध्ये हाच बसला. हीथकिटच्या एचडब्ल्यू-१०१ मधला क्रिस्टल फिल्टरही २.१चाच, यासूच्या एफटी-१०१ मधला २.४चा. आकडे खरे आहेत. पण ते सहा डेसिबल खालचे आहेत, हे सांगताना आमच्या मंडळींचा आवाज बारीक होतो. एचडब्ल्यू-१०१ची कंपनी स्वतःच लिहिते, की साठ डेसिबल खाली हीच रुंदी सात किलोहर्ट्झपर्यंत जाऊ शकते.

आणि हे सगळं फिल्टरपर्यंतचं. फिल्टर बसतो बॅलन्स्ड मॉड्युलेटरच्या लगेच पुढे, जिथे सिग्नल अजून मिलिवॉटांतही नसतो. त्याच्यापुढे मिक्सर, ड्रायव्हर आणि शेवटी फायनल, म्हणजे ६१४६ नळ्यांची जोडी. तिथे जो चिखल होतो तो गाळायला फिल्टर मागे वळून येत नाही. ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर सोडून बघा. दोन्ही फिल्टरच्या आत, अगदी सभ्य. फायनल जरा वाकडी चालली की ३१०० हर्ट्झवर तिसरा सूर उगवतो आणि चौथा वाहक लहरीच्या पलीकडे, ५०० हर्ट्झवर, म्हणजे जी साईडबँड आपण कापली म्हणून मिरवतो तिच्यातच. ही झाली तिसऱ्या क्रमाची पिल्लं. पाचव्या क्रमाची ४३०० आणि पलीकडे १७०० वर. एकूण सहा किलोहर्ट्झ, आणि अजून सातवा क्रम मोजलेला नाही.

केडब्ल्यूएम-२चं माहितीपुस्तक हे लपवत नाही. नको असलेली साईडबँड पन्नास डेसिबल खाली, तिसऱ्या क्रमाची विकृती तीस डेसिबल खाली. म्हणजे सेट कारखान्यातून नवा कोरा निघाला तेव्हाही त्याचा शेवटचा टप्पा फिल्टरपेक्षा वीस डेसिबल अस्वच्छ होता. १०० वॉटच्या तीस डेसिबल खाली १०० मिलिवॉट उरतात. बँड चांगला असेल तर तेवढ्यात माणसं दुसऱ्या राज्याशी बोलतात. आणि हा झाला नव्या, नीट बायस लावलेल्या सेटचा हिशेब. आमच्याकडच्या सेटचं वय साठच्या घरात, नळ्या थकलेल्या, बायस कुणी शेवटचा कधी पाहिला ते देव जाणे. त्यावर प्रीअँप लावलेला नवा कंडेन्सर माईक, आणि मीटरची सुई एएलसीची खूण ओलांडून कोपऱ्यात टेकेपर्यंत गेन. ६१४६च्या ग्रिडमध्ये करंट वाहायला लागला की दोष कॉलिन्सचा नाही आणि फिल्टरचा तर नाहीच.

याहून लबाड एक बिघाड आहे, त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. वाहक लहरीचं क्रिस्टल फिल्टरच्या उतारावर, सुमारे वीस डेसिबल खाली बसवलेलं असतं. मॉड्युलेटर तीस दाबतो, उतार वीस, मिळून पन्नास. क्रिस्टलही म्हातारं होतं. ते दोन-तीनशे हर्ट्झ आत सरकलं की वाहक डोकावतो आणि पलीकडच्या साईडबँडमध्ये खर्ज घुमायला लागतो. बाहेर सरकलं तर आवाज पत्र्याचा होतो. मग मालक काय करतो? क्रिस्टल तपासत नाही, माईक गेन आणखी पिळतो!

एएमवाल्यांना मी यात ओढत नाही. ८०७ची फायनल घेऊन येणाऱ्याकडे साईडबँड फिल्टरच नसतो. तो दहा किलोहर्ट्झ व्यापतो, पण निदान फुशारकी मारत नाही. होमब्रूला नाक मुरडणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. अशहर फरहान यांच्या बिटएक्समध्ये बाजारातल्या १० मेगाहर्ट्झच्या साध्या क्रिस्टलांची शिडी आहे. कॉलिन्सपुढे ती गरीबच, पण थोडक्या वॉटांत बेतानं चालवलेला बिटएक्स तुमच्या पिळलेल्या केडब्ल्यूएमपेक्षा कमी जागा खातो.

येलहंक्याच्या पलीकडे, दोड्डबळ्ळापूरच्या दिशेला, आकाशवाणीनं ५०० किलोवॉटचे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बसवले. त्या महाकाय यंत्रांनाही आखून दिलेल्या रुंदीत राहावं लागतं. आपल्याला ७००० ते ७२०० एवढा दोनशे किलोहर्ट्झचा तुकडा मिळालाय, त्यात मोर्सवालेही आहेत, आणि आपण १०० वॉटांत जमीनदारी करतो.

यावर ठरलेला बचाव येतो: ‘तुझाच रिसीव्हर ओव्हरलोड होत असेल.’ शंका रास्त आहे. आठ बिटांच्या स्वस्त डोंगलवर पडदा रंगवून दुसऱ्याला चोर ठरवणारे वीरही मी पाहिलेत. म्हणून अँटेनाच्या वाटेत दहा डेसिबलचा अटेन्युएटर लावा. कडेची घाण दहाच डेसिबल उतरली तर ती समोरून आली. तिसऱ्या क्रमाची घाण रिसीव्हरनंच केलेली असेल तर ती तीस डेसिबल उतरते. एवढं न करता आरोप करणारा आणि एवढं ऐकूनही गेन न उतरवणारा, दोघं एकाच पंगतीतले.

तेव्हा, ओएम, यापुढे माझ्याकडून आयतं फाईव्ह-नाइन मिळणार नाही. ‘ऑडिओ कसा आहे?’ विचारलंत तर अटेन्युएटर लावून मोजलेली रुंदी सांगेन, किलोहर्ट्झमध्ये, सगळ्या नेटसमोर. राग आला तर फ्रिक्वेन्सी बदला. फक्त नऊ किलोहर्ट्झ तरी सरका, कमी सरकलात तर अजून इथेच असाल.