जुन्या गाडीला बिनव्याजी कर्ज हवे!

शहापूर-वडगावच्या विणकराच्या दारात, उद्यमबागेतील कामगाराच्या अंगणात किंवा खानापूरहून रोज बेळगावात येणाऱ्या कारकुनाच्या घरापुढे जी दुचाकी उभी दिसते, ती बहुधा आधी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात उभी राहून आलेली असते. नवी गाडी घ्यावी, तिला हार घालावा, पेढे वाटावेत, हे भाग्य थोड्यांचे. सामान्य माणसाच्या संसारात गाडी येते ती जुनी म्हणूनच. ही गोष्ट बाजारातल्या पोरासही ठाऊक आहे. ठाऊक नाही ती केवळ सरकारी सचिवालयांस, असे त्यांच्या योजना वाचल्यावर आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा प्रसार व्हावा, धूर कमी व्हावा, परदेशी तेलावरचा खर्च वाचावा, या हेतूंशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते पैसा कोणाच्या पदरात पडला याविषयी. २०१९ च्या एप्रिलपासून राबविलेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यास केंद्राने १०,००० कोटी रुपये योजिले. २०२४ च्या ऑक्टोबरात ‘पी. एम. ई-ड्राइव्ह’ आली, ती १०,९०० कोटींची. त्यांतून बसगाड्या आणि चार्जिंगची केंद्रे यांचीही सोय व्हावयाची होती, हे खरे. परंतु ग्राहकासाठी जे अनुदान ठेवले, ते नव्या गाडीसाठी. कर्ज काढणाऱ्यास जी सवलत दिली, तिचीही तीच गत. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजापोटी वर्षास दीड लाखापर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा होती. पण ज्याचे उत्पन्न आयकराच्या रेषेपर्यंतच पोहोचत नाही, त्या विणकराने ती वजावट कशातून करावी?

याहून मोठे नवल पुढेच आहे. २०२४ च्या डिसेंबरात जैसलमेर येथे भरलेल्या जी. एस. टी. परिषदेने जुन्या वीजगाड्यांच्या व्यापारावरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेला. त्या वेळी नव्या वीजगाडीवर कर होता ५ टक्के! हा कर व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतील फरकावर आहे, सबंध किमतीवर नाही. आणि एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थास गाडी विकली तर तो लागतही नाही, हे आम्ही जाणतो. परंतु वारा कोणत्या दिशेने वाहतो, हे कळण्यास एवढे पुरे आहे. नव्याचे स्वागत आणि जुन्यावर भार, अशी ही रीत झाली.

जगात सर्वत्र असेच चालते काय? नाही. स्कॉटलंडच्या सरकारने २०२० साली जुन्या वीजगाडीसाठी बिनव्याजी कर्जाची योजना काढली. ‘एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट’ या संस्थेमार्फत, प्रारंभी मोटारीसाठी २०,००० पौंडांपर्यंत, कर्ज देऊ केले. कर्जदाराने मुद्दल हप्त्याहप्त्याने फेडावे, व्याजाचा भार सरकारने सोसावा, एवढीच तिची साधी रचना. अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. तेथे २०२३ पासून २५,००० डॉलरपर्यंतच्या जुन्या वीजगाडीवर, उत्पन्नाची मर्यादा घालून, कमाल ४,००० डॉलरची करसवलत मिळू लागली. सप्टेंबर २०२५ अखेर ती बंद करण्यात आली. अनुदान व सवलत एकदा दिली की ती खजिन्यातून कायमची जाते, आणि राज्यकर्ते बदलले की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. कर्जाचे मुद्दल मात्र परत येते, आणि त्याच पैशातून दुसऱ्या घरास कर्ज देता येते. आम्ही अनुदानाची भीक मागत नाही, परत करावयाचे कर्ज मागतो; त्याचे कारण हेच.

हिशेब अवघड नाही. खानापूर ते बेळगाव जाऊन येऊन सुमारे ५२ किलोमीटर. पेट्रोलच्या स्कूटरला लिटरमागे ४५ किलोमीटर आणि पेट्रोलला लिटरमागे १०० रुपये धरले, तर दिवसाचे ११५ रुपये झाले. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच अंतरास दोन युनिट पुरतात. युनिटास ८ रुपये धरले तरी १६ रुपये. महिन्यातील २६ दिवसांत अडीच हजारांहून अधिक रुपयांची बचत होते. आता ६०,००० रुपयांची जुनी स्कूटर तीन वर्षांच्या बिनव्याजी कर्जाने घेतली, तर हप्ता पडतो १,६६७ रुपये. म्हणजे पेट्रोलचा वाचलेला पैसाच हप्ता फेडतो, वर चार पैसे घरात उरतात. तेच कर्ज सालिना २० टक्के दराने घेतले, तर हप्ता २,२३० वर जातो आणि तीन वर्षांत केवळ व्याजापोटी सुमारे २०,००० रुपये द्यावे लागतात. मुलांच्या शाळेचा खर्च या फरकात सामावतो!

कोणी म्हणेल, जुन्या वीजगाडीचा भरवसा काय? शंका रास्त आहे. या गाडीचे मोल तिच्या बॅटरीत, आणि बॅटरी किती झिजली ते बाहेरून दिसत नाही. जी स्कूटर पूर्वी ७० किलोमीटर धावत होती, ती आज ४० च धावत असेल, तर सायंकाळी परतताना आमचा कारकून वाटेतच गाडी ढकलीत चालेल, आणि हप्ता मात्र चुकणार नाही. म्हणूनच सावकार व्याज चढवितो आणि बँक दार लावून घेते. परंतु यावर उपाय आहे. युरोपीय संघाने २०२३ साली कायदा करून २०२७ च्या फेब्रुवारीपासून वीजगाड्यांच्या बॅटऱ्यांस त्यांची माहिती नोंदविणारा ‘पासपोर्ट’ सक्तीचा करण्याचे ठरविले. आपल्याकडे निदान कर्जापूर्वी बॅटरीची सरकारमान्य तपासणी आणि तिचा लेखी दाखला एवढे तरी व्हावे. जी कंपनी बॅटरीची हमी देते, तिने ती पहिल्या मालकापुरती न ठेवता गाडीबरोबर पुढे जाऊ द्यावी.

आता आपल्या दुखण्याकडे वळू. बेळगाव-निपाणीच्या माणसास जुन्या गाडीची जवळची मोठी पेठ म्हणजे कोल्हापूर. निपाणीकराचे सोयरे तेथे, दवाखाना तेथे, बाजारहाट तेथे. पण तेथून गाडी आणली की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे कोल्हापूरच्या आर. टी. ओ. चा ना-हरकत दाखला आणावा, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवावयाची तर येथला नवा क्रमांक घ्यावा. ‘एम. एच. ०९’ ची ‘के. ए. २३’ होईपर्यंत गरिबाने किती खेटे घालावे? त्यात भर भाषेची. ज्या ठिकाणी भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, हे मान्य झालेले संरक्षण आहे. कर्जाचा करारनामा हा तर माणसाच्या गळ्याशी येणारा कागद. जो कागद वाचता येत नाही त्यावर अंगठा उठविणे, ही सावकारी युगाची रीत होती. ती सरकारी योजनेत नको.

बंगळूरकडे अशी मागणी करणे म्हणजे त्यांची सत्ता मान्य करणे नव्हे काय, असे आमचे काही तरुण मित्र विचारतात. मुळीच नव्हे! आम्ही कर भरतो, वीजबिल भरतो; त्याचा मोबदला मागणे हा आमचा हक्क आहे, आणि त्याने विलीनीकरणाची मागणी तसूभरही ढळत नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसासही रोज कामावर जावेच लागते. मुंबईनेही हात झटकू नयेत. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांस महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. तेव्हा सीमेपलीकडे मदत पोहोचविता येत नाही, ही सबब आता उरली नाही.

आमच्या मागण्या चारच. जुन्या वीजगाडीसाठी मर्यादित उत्पन्नाच्या घरांस बिनव्याजी कर्ज द्यावे. कर्जाआधी बॅटरीची तपासणी व्हावी. कर्जाचे सर्व कागद मराठीत मिळावेत. आणि सीमेपलीकडून आणलेल्या गाडीची नोंद एकाच खिडकीवर व्हावी. सरकार हलेपर्यंत आपल्या मराठी पतसंस्थांनी हात बांधून बसू नये. सोन्यावर आणि प्लॉटवर कर्ज देणाऱ्या संचालकांनी दरवर्षी थोडी रक्कम बाजूस काढून, अल्प व्याजाने दहा-वीस घरांस तरी जुनी गाडी घेऊन द्यावी. या पतसंस्था आपल्या घामाच्या ठेवींवर उभ्या आहेत. खानापूरच्या रस्त्यावर रोज पेट्रोलबरोबर जळणारा पैसा हा मराठी घरांतील पैसा आहे. तो वाचविणे हेही सीमालढ्याचेच काम आहे!