पॅराशूटचे किती द्याल?

१२ जून २०२५ ला अहमदाबादचा अपघात झाला आणि तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागला. पाहिला असेलच तुम्ही. विमान संकटात सापडतं, प्रवाशांची अख्खी केबिन शेपटीकडून बाहेर सरकते, वर मोठाली पॅराशूट उघडतात आणि सगळी मंडळी अलगद खाली! व्लादिमिर तातारेन्को नावाच्या युक्रेनियन अभियंत्याची ही कल्पना २०१६ साली जगभर गाजली होती. अ‍ॅनिमेशन झकास आहे, वादच नाही. आमच्या ऑफिसात चहाच्या टेबलावर एकमत झालं की तिकिटामागे दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण ही सोय हवीच.

माझं मत उलटं आहे. एक रुपयासुद्धा देऊ नका.

आधी गणित. विमानाला पॅराशूट लावता येतं, नाही असं नाही. सिरस कंपनीच्या छोट्या विमानांत ते गेली पंचवीसेक वर्षं आहे आणि त्याने खरोखर जीव वाचवले आहेत. पण ते विमान चार-पाच जणांचं, दीड टनाच्या आसपास वजनाचं. आपण पुण्याहून दिल्लीला जातो ते एअरबस ए३२० पूर्ण भरलं की पंच्याहत्तर टनांच्या पुढे जातं. त्यातून केबिन सुटी व्हायची म्हणजे सांधे, कड्या, ते सोडणारी यंत्रणा, आणि या सगळ्याचं वजन रोज, प्रत्येक फेरीत वाहायचं. शिवाय आपल्या धंद्यातला साधा नियम: नवीन कोड म्हणजे नवीन बग. गरज नसताना केबिन सुटली तर?

आणि हे वापरणार कधी? बरेचसे अपघात उड्डाण आणि उतरण्याच्या वेळचे असतात. अहमदाबादचं विमान हवेत होतं जेमतेम अर्धा मिनिट, तेही काहीशे फुटांवर. म्हणजे ज्या अपघातामुळे हा व्हिडिओ घरोघरी पोचला, त्याच अपघातात त्या पॅराशूटचा काही उपयोग झाला नसता.

पण समजा, उद्या कोणी हे करून दाखवलं. तरी माझा खरा आक्षेप शिल्लक राहतोच. सुरक्षेला वेगळी किंमत लावली की ती 'ऑप्शन' होते, आणि ऑप्शन म्हटलं की कोणीतरी पैसे वाचवणारच. हे कल्पनेतलं नाही. बोईंग ७३७ मॅक्समध्ये विमानाचं नाक वाऱ्याशी किती कोन करतंय ते मोजणारे दोन सेन्सर असतात. दोघांचे आकडे जुळेनात, तर वैमानिकाला इशारा मिळायला हवा. हा इशारा सगळ्या विमानांत असणार होता. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे, ज्या कंपन्यांनी कोन दाखवणारं जादा पैशांचं इंडिकेटर घेतलं होतं त्यांच्याच विमानांत तो चालायचा! बोईंगला हे २०१७ मध्ये कळलं. ठरलं काय, तर दुरुस्ती पुढच्या अपडेटमध्ये करू. (ओळखीचं वाक्य वाटलं ना?) ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं विमान पडलं. ३४६ माणसं गेली. दोन्ही विमानांत तो इशारा चालत नव्हता. तो असता तर अपघात टळलेच असते असं मी म्हणत नाही, मूळ दुखणं एकाच सेन्सरवर विसंबून विमानाचं नाक खाली दाबणाऱ्या प्रणालीत होतं. पण इशाऱ्याची वायर पावतीला जोडलेली असावी, हे कुठल्या इंजिनिअरिंगमध्ये बसतं?

आता गंमत बघा. सुटकेची यंत्रणा आपण विकत घेतलेली आहेच, तिकिटातच. नियम असा की अर्धीच दारं वापरून, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं करून दाखवायचं. २००६ साली ए३८० च्या चाचणीत ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. हे सगळं रक्त सांडून शिकलेलं आहे. १९८५ मध्ये मँचेस्टरला एका विमानाला आग लागली. विमान जमिनीवरच होतं, तरी ५५ जण गेले, बहुतेक धुराने. त्यानंतर आसनांची आवरणं, जमिनीलगतचे दिवे, दारापर्यंतची वाट, हे सगळे नियम कडक झाले. हे कोणी ऑप्शन म्हणून विकत नाही, म्हणूनच ते सगळीकडे आहे.

आणि ते चालतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण दगावले. पण पेटलेल्या मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ बाहेर आले, आठपैकी तीनच दारं वापरून. बहुतेकांनी बॅगा आतच सोडल्या होत्या.

आता आपलं बघू. ऑगस्ट २०१६, तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं विमान धावपट्टीवर आपटून पेटलं. आतल्या व्हिडिओत लोक वरच्या कप्प्यातून बॅगा काढताना दिसतात. सगळे तीनशे जण वाचले हे नशीब. आग विझवायला आलेला एक जवान मात्र स्फोटात गेला.

आणि संकटकालीन दाराजवळची सीट? ती आपल्याकडे पाय लांब करायला जादा पैसे घेऊन विकतात. खरं तर तिथे बसणारा माणूस दार उघडायला तयार असला पाहिजे. हवाईसुंदरी त्याला ते समजावत असते आणि साहेबांच्या कानात हेडफोन! विमान कंपन्यांनी ही सीट पैसे घेऊन विकणं बंद करावं, आणि मदत करायला जो खरंच राजी आहे त्यालाच ती फुकट द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन हजार रुपये द्यायला आपण एका पायावर तयार असतो, कारण पैसे दिले की आपलं काम संपतं. लॅपटॉप सोडून उठणं जास्त महाग पडतं. पण त्या नव्वद सेकंदांत तुमच्या मागे उभ्या असलेल्या बाईला तुमच्या बॅगेची किंमत तिच्या जिवाने मोजावी लागेल. तेवढं लक्षात ठेवा, पॅराशूट राहू दे.