दोघांचा सद्भाव, तिघांचा पेच

बाजारपेठेत समोरासमोर कापडाची दोन दुकाने आहेत, अशी कल्पना करावी. दोघांनी वाजवी भाव टिकवला, तर प्रत्येकास महिन्याला १०,००० रुपये नफा होतो. एकानेच भाव पाडला, तर त्याला १४,००० आणि दुसऱ्याला ४,००० मिळतात. दोघांनीही पाडला, तर प्रत्येकाच्या पदरी ६,००० पडतात. समोरच्याने काहीही केले तरी भाव पाडण्यातच आपला लाभ आहे, असे प्रत्येकाला दिसते. परिणामी दोघेही १०,००० सोडून ६,००० वर येऊन थांबतात.

अशा थांब्याला गणितात ‘समतोल’ म्हणतात. एकट्याने निर्णय बदलून कोणाचाही फायदा वाढत नाही, अशी ही स्थिती. खेळाडू आणि त्यांचे पर्याय मोजके असतील, आणि निवड ठराविक प्रमाणात चिठ्ठी टाकून करण्याची मुभा असेल, तर असा समतोल नेहमीच असतो, हे जॉन नॅश यांनी १९५० साली सिद्ध केले. १९९४ साली त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा सहमान मिळाला.

परंतु माणूस केवळ स्वतःचेच पाहतो, हे गृहीतक सर्वांना मान्य नव्हते. फ्रेंच गणितज्ञ क्लोद बर्ज यांच्या १९५७ च्या ग्रंथात एका वेगळ्या समतोलाचे बीज आढळते. सोव्हिएत गणितज्ञ झुकोव्स्की यांनी १९८० च्या दशकात त्याला निश्चित रूप दिले. येथे अट उलटी आहे. प्रत्येकाचे हित इतर सर्वांनी मिळून, त्यांना शक्य तेवढे साधलेले असावे. आपल्या दुकानदारांनी हा दृष्टिकोन स्वीकारला, तर समोरच्याचे भले आपण भाव टिकवण्यात आहे, हे प्रत्येकाला उमजते आणि दोघांनाही १०,००० मिळतात.

असा परोपकारी समतोल नेहमी सापडतो का? खेळाडू दोनच असतील, तर सापडतो. दोघांनी नफ्याच्या वह्यांची अदलाबदल केली आणि समोरच्याची वही आपली मानली, की नॅश यांचाच सिद्धांत लागू पडतो. मात्र तिसरा माणूस आला, की ही हमी उरत नाही. पोलंडमधील तीन संशोधकांनी २०१९ साली तिघांचा असा एक खेळ मांडला, ज्यात चिठ्ठीचा मार्ग घेऊनही परोपकारी समतोल नाही.

याचे कारण घरातल्याच उदाहरणाने समजते. थोरल्या भावाच्या हाती एकच मोकळा गाळा आहे. मधल्याला तेथे दुकान हवे आहे, धाकट्याला गोदाम. मधल्याचे पूर्ण हित साधायचे, तर तेथे दुकान झाले पाहिजे. धाकट्याचे साधायचे, तर गोदाम. चिठ्ठी टाकली तरी दोघांचीही आशा अर्धीच पुरी होते, आणि पूर्ण हिताची अट दोघांच्याही बाबतीत मोडते. थोरल्याच्या मनात तिळमात्र स्वार्थ नाही, तरी समतोल नाही.

एकत्र व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वाटणीत कोणी नाराज झाला, की देणाऱ्याच्या नियतीवर बोट ठेवले जाते आणि वर्षानुवर्षांचा जिव्हाळा आटतो. वस्तुतः दोष मनाचा नसून एका गाळ्याचा आणि दोन गरजांचा असू शकतो. अशा वेळी सद्भावाच्या जोडीला आधी ठरलेला नियम लागतो: कोणाचा हिस्सा किती, पाळी कोणाची, आणि ज्याला गाळा मिळाला नाही त्याला भरपाई कोणती. भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार भागीदारांत वेगळा करार नसेल, तर नफा-तोटा समान वाटला जातो, मग कष्ट कोणाचेही अधिक असोत. कुटुंबाला वेगळे काही न्याय्य वाटत असेल, तर मने जुळलेली असतानाच ते लिहून ठेवावे. भावांनी करारपत्रावर सही केली, म्हणजे त्यांच्यातला विश्वास कमी झाला असे नव्हे. उद्या एखाद्या गाळ्यावरून तो विश्वास पणाला लागू नये, एवढीच ती तजवीज.