माझीच ठेव, माझ्याच नावे

या सदरातून मी वर्षभर शब्दांविषयी लिहितो, हे नेहमीच्या वाचकांस ठाऊक आहे. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांचे फर्मान आले, "या वेळी काहीतरी घरगुती लिहा." घरगुती म्हणजे फराळाचे लिहावे, तर त्यातले मला खाण्यापलीकडे काही कळत नाही. तेव्हा गेल्या वर्षीचीच दिवाळी सांगतो. त्या दिवाळीत लोक सराफाच्या पेढीवर जात होते आणि मी रक्तपेढीत. तेही दुसऱ्या कुणासाठी नव्हे. माझे रक्त मीच माझ्या नावे ठेवून येत होतो.

प्रकरणाचे मूळ उजव्या खुब्यात होते. दोन वर्षे तो दुखत होता आणि दोन वर्षे मी "वातावरण दमट आहे" असे म्हणत होतो. धारणीला पावसाळा आला की मेळघाटचे सगळे डोंगर आमच्या अंगणात उतरल्यासारखे वाटतात, त्यामुळे हे कारण खपूनही गेले. पुढे फळ्यापाशी उभे राहून तास घेणे होईना. खुर्चीवर बसून ज्ञानेश्वरी शिकवणारा प्राध्यापक विद्यार्थ्यांना अधिकच विद्वान वाटू लागला, हा त्यातला एक फायदा. शेवटी अमरावतीस फोटो काढला. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते हाड आतल्या आत मरत चालले होते. डॉक्टर म्हणाले, "सर, सांधा बदलावा लागेल."

आमच्या भागात सिकलसेलचा आजार आहे आणि त्यातही खुब्याचे असेच होते, म्हणून डॉक्टरांनी आधी ती तपासणी केली. ती निर्दोष निघाली. आम्ही उभयता आनंदाने चहा पिऊन परतलो. चार दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे आले, "सर, नमुना पुन्हा द्यावा लागेल. तुमचे रक्त कशाशीच जुळत नाही."

माझा रक्तगट ओ, असे कॉलेजच्या ओळखपत्रापासून वाहन परवान्यापर्यंत सगळीकडे छापलेले होते. ओ म्हणजे सर्वांना चालणारा. मला त्याचा थोडा अभिमानही होता. पण ज्या ज्या ओ गटाच्या पिशवीशी माझे रक्त ताडून पाहिले, तिथे तिथे गुठळ्या! नमुना मुंबईस परळला, केईएमच्या आवारातल्या संस्थेकडे गेला आणि निदान आले: बॉम्बे ब्लड ग्रुप.

हा गट 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जगापुढे मांडला. शहराचे नाव पुढे बदलले, गटाचे राहून गेले. रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाईंनी मला तो समजावून सांगितला; मी तो माझ्या व्याकरणात बसवून घेतला, तसाच सांगतो. तांबड्या पेशीवर एच नावाचा एक पदार्थ असतो. तो धातू समजा. त्याला ए प्रत्यय लागला की ए गट, बी लागला की बी, दोन्ही लागले की एबी, आणि काहीच लागले नाही, नुसता धातूच राहिला, तर ओ. माझ्या पेशींवर धातूच नाही! नेहमीच्या तपासणीत फक्त प्रत्यय शोधतात. ते सापडत नाहीत, म्हणून माझ्यासारख्याच्या कपाळी ओ लिहिला जातो. पण एच हा माझ्या रक्ताला परका असल्यामुळे ए, बी, एबी तर सोडाच, ओ देखील चालत नाही. चुकून दिलाच तर जीव जाऊ शकतो. आमचे रक्त दुसऱ्यांना चालू शकते, आम्हांला मात्र आमच्याच जातीचे लागते. देण्याला उदार आणि घेण्याला कडक सोवळे!

हिंदुस्थानात असे लोक साधारण दहा हजारांत एक, युरोपात त्याहूनही पुष्कळ विरळ. आई आणि बाप दोघांकडून तोच दोष आला तरच हे घडते. सख्ख्या भावंडांत सापडण्याची आशा चारांत एक, म्हणून अकोल्याच्या धाकट्या भावाला धाडले. तो बी निघाला. "बायकोकडून मार्कही कमी, रक्तही भलतंच," असे तो फोनवर म्हणाला आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही.

आता भीतीचे सांगतो. शस्त्रक्रियेची भीती सर्वांनाच असते आणि ती मलाही होती. पण तोवर तिला आकार नव्हता. मुंबईच्या पत्रानंतर तिला आकार आला. रात्री अडीचला जाग यायची. मी पडल्या पडल्या हिशेब करायचा: दहा हजारांत एक, तर धारणी तालुक्यात किती? त्यांतले किती सापडतील? सापडले तर घाट उतरून किती तासांत पोचतील? सेमाडोहला झाड पडले तर? मुलीच्या लग्नाचे कोण बघेल येथपर्यंत मी पोचायचा. मुलगी तेव्हा नववीत होती. दिवसा विद्यार्थ्यांना मी करुणरसाचे विभाव-अनुभाव सांगत होतो आणि घरी हाताला कंप सुटला की वर्तमानपत्र टेबलावर ठेवून वाचत होतो. सौ. पाहत होत्या, पण काही म्हणत नव्हत्या. आईला तर आम्ही गटाचे सांगितलेच नव्हते.

"तुमचा दाता तुम्हीच," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा प्रथम मला ती थट्टाच वाटली. पण ती रीत जुनीच आहे. शस्त्रक्रिया ठरलेल्या दिवशी व्हायची असेल आणि रोग्याच्या अंगात पुरेसे रक्त असेल, तर आधीच्या आठवड्यांत त्याच्याकडूनच एकदोन पिशव्या काढून घ्यायच्या. योग्य द्रव मिसळलेल्या पिशवीत ते रक्त थंड पेटीत 35 दिवस टिकते. शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या निदान 72 तास आधी घेतलेली असावी. हिमोग्लोबिन 11 च्या खाली नको. दोन पिशव्यांमध्ये निदान आठवडा, आणि रोज लोहाच्या गोळ्या. एड्सच्या धास्तीने एके काळी परदेशांत या पद्धतीचा बराच बोलबाला झाला होता. आता साध्या गटाच्या माणसाला डॉक्टर हे क्वचितच सुचवतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. दुसऱ्याचे रक्त आता तपासून मिळते, रक्तस्राव कमी करण्याची औषधे आली आहेत, आणि स्वतःचे काढून दिलेला माणूस टेबलावर जाताना तेवढाच अशक्त असतो. शिवाय पुष्कळदा त्या पिशव्या लागतही नाहीत. पण माझ्यासारख्याला दुसरी वाट जवळजवळ नव्हतीच. राज्यात आमच्या गटाच्या एकदोन दात्यांचा पत्ता रक्तपेढीने लावून ठेवला होता. त्यांना जागेवरून हलवायचे ते अगदीच वेळ आली तर.

माझे हिमोग्लोबिन 12.8 भरले. परीक्षेत इतके गुण पडल्याचा आनंद मला एम.ए.लाही झाला नव्हता.

आईला आता सांगणे भाग होते. ती ऐकून घेऊन म्हणाली, "काहून रे बाबू, काढाचंही तुह्यंच अन् भराचंही तुह्यंच? मंग काढतेच कायले? राहू दे ना अंगातच!" तर्कशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकाला निरुत्तर करील असा हा प्रश्न. मी म्हणालो, "आई, विहिरीचं पाणी आधी टाकीत भरून ठेवायचं. तोवर विहिरीला पुन्हा झरा येतो." तिला पटले. दुसऱ्या दिवसापासून गूळ-शेंगदाणे, अळीव, पालक आणि बीट यांचा माझ्यावर जो मारा सुरू झाला, त्यापुढे शस्त्रक्रिया सौम्य म्हणावी लागेल.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी पहिली पिशवी दिली. पहाटेची एस.टी., हरिसाल, सेमाडोह, घटांगची वळणे, परतवाडा, मग अमरावती. खुब्याने प्रत्येक वळण मोजले. सौ. शेजारी उशी घेऊन बसल्या होत्या. रक्तपेढीत मी आडवा झालो, मुठीत रबरी चेंडू दिला, सुई टोचली. साडेतीनशे मिलिलिटर जायला दहा मिनिटे देखील लागली नाहीत. पिशवीवर माझे नाव, गट, तारीख आणि ठळक अक्षरांत 'स्वतःसाठी' असे लिहून त्याखाली माझी सही घेतली. मी ती पिशवी हातात मागून घेतली. ती गरम होती. का कोण जाणे, मला एकदम शांत वाटले. इतके दिवस जे काही व्हायचे ते माझ्यावर व्हायचे होते. आज पहिल्यांदा त्या कामात माझाही हात लागला होता. त्या रात्री अमरावतीला मावसभावाकडे मी सहा तास सलग झोपलो. सौ. झोपल्या नाहीत, हे मला पुढे कळले.

भीती तेवढ्याने संपली, असे मात्र कुणी समजू नये. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती पुन्हा आली. फटाके थांबल्यावर गाव एकदम शांत झाले आणि मी म्हणालो, "दोन पिशव्या पुरल्या नाहीत तर?" सौ. पणतीत तेल घालत होत्या. म्हणाल्या, "अहो, मी रोज तोच विचार करते. तुम्ही बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही." मग आम्ही बोललो. विम्याचे कागद कुठे आहेत, भविष्यनिर्वाह निधीवर वारस कोण, मुलीला बारावीनंतर काय करायचे आहे, सगळे बोललो. लक्ष्मीपुढे बसून मृत्युपत्राच्या गोष्टी कराव्यात की नाही, हे शास्त्रीबुवांना विचारा. आम्हांला त्या रात्री त्या करता आल्या. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी दुसरी पिशवी दिली आणि त्यानंतर आठवड्याने शस्त्रक्रिया ठरली.

तिचे फार सांगण्यासारखे नाही. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे मी अर्धवट जागा होतो आणि पडद्यापलीकडून हातोडीचे ठोके ऐकू येत होते. आमच्या घराची चौकट बसवतानाही असेच ठोके पडले होते. संध्याकाळी हिमोग्लोबिन उतरले आणि रात्री एक पिशवी लावली. खांबाला टांगलेल्या त्या पिशवीवरची सही मी पडल्या पडल्या ओळखली. अक्षर जरा तिरपे आले होते.

दुसरी पिशवी लागली नाही. सहा आठवड्यांनी कुबडी टेकत तपासणीला गेलो, तेव्हा मी रक्तपेढीत विचारले, "ती कुणाला दिली?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, स्वतःसाठी ठेवलेलं रक्त दुसऱ्याला देत नाहीत. 35 दिवस झाले, नष्ट केलं." नियम मला आधीच सांगितलेला होता, त्यावर माझी सहीही होती. तरी परतीच्या गाडीत मला चुटपुट लागून राहिली. एवढ्या विरळ जातीचे साडेतीनशे मिलिलिटर! मी त्याच दिवशी दात्यांच्या यादीत नाव घातले होते. पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर रक्त देता येत नाही.

या श्रावणात रात्री सव्वाअकराला फोन वाजला. एका मोठ्या शहरातली रक्तपेढी बोलत होती. बाळंतीण होती, गट आमचाच. मी तारीख सांगितली. पलीकडचा मुलगा "ठीक आहे सर, दुसरीकडे बघतो" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी घड्याळाकडे पाहत बसलो. सौ. उठून आल्या, त्यांनी विचारले नाही, पण त्यांना कळले. पहाटे मीच उलट फोन केला. दोन दाते मिळाले होते, एक रेल्वेने रात्रभर प्रवास करून पोचला होता. बाई वाचल्या, मूलही.

माझे वर्ष या कार्तिकात पुरे होते. आई अजून सकाळी वाटीभर गूळ-शेंगदाणे पुढे ठेवते. परवा मी म्हणालो, "आता कशाला? आता कुठं ऑपरेशन आहे?" तर म्हणाली, "खाय बाप्पा. कोणाचा फोन येईन, सांगता येते का?"