विश्लेषण : इमारत एक, क्रमांक अनेक! उल्हासनगरच्या नोंदींना ‘ऑन्टॉलॉजी’ कशाला हवी?

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेत सात जणांचा बळी गेला. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, त्याच काळात बांधलेल्या इतर इमारती कोणत्या? उत्तर अनेक कार्यालयांच्या दप्तरांत विखुरलेले असते.

घोळ कुठे?

हे शहर फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसले. पत्ता आजही कॅम्प आणि बराक क्रमांकाने सांगितला जातो, मग त्या जागी पाच मजले का चढलेले असेनात. सनद प्रांत कार्यालयाची, मालमत्ता कर महापालिकेचा, मीटर महावितरणचा. प्रत्येकाचा क्रमांक निराळा. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये खास या शहरासाठी कायदा झाला, पण कायद्याने नोंदी जुळत नाहीत.

ऑन्टॉलॉजी म्हणजे काय?

शब्दांचे अर्थ आणि त्यांचे परस्परसंबंध संगणकाला कळतील असे लिहून ठेवणे. ‘ही इमारत या भूखंडावर आहे’, ‘हा ऑडिट अहवाल या इमारतीचा आहे’ अशी छोटी विधाने. कोणी आपला क्रमांक बदलायचा नाही, फक्त जोडायचा. वेबची मानके ठरवणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’च्या एका गटाने इमारत, मजला, खोली यांसाठी ‘बॉट’ ही शब्दावली तयार केली आहे. तिच्यात बराक किंवा सनद अर्थातच नाही. ती भर इथेच घालावी लागेल.

अर्थ ठरल्याने काय होते, हे अंबरनाथ-बदलापुरात घर घेणाऱ्यांना ठाऊक आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने ‘कार्पेट एरिया’ची व्याख्या केली. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळायची. त्यामुळे दोन फ्लॅटची तुलना शक्य झाली.

अडचण कोणती?

सॉफ्टवेअर हा त्यातला सोपा भाग. आणखी एक ॲप काढून तर काहीच साधणार नाही. ‘बांधकामाचे वर्ष’ म्हणजे नेमके कोणते, कर लागला ते की भोगवटा प्रमाणपत्राचे? अनधिकृत इमारतीला ते प्रमाणपत्रच नसते. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका क्षेत्रात कायद्याने बंधनकारक आहे; वर्षच ठरले नाही तर नोटीस कोणाला बजावणार? हे अभियंत्याने नव्हे, महापालिका आणि प्रांत कार्यालयाने एकत्र बसून ठरवायचे आहे. बदलापूरच्या नव्या टॉवरना महारेरा क्रमांक असतो, तिथे जोडणी सोपी. उल्हासनगरात मात्र सुरुवात जुन्या इमारतींपासूनच करावी लागेल.